बरोबर घेणे

“थांबव! थांबव ते आधी!”

खर्ज्याने टेबलावर थाप मारली. पेनांचा डबा आडवा झाला आणि एक पेन घरंगळत दादाच्या बुटापाशी आलं. दादाने वाकून ते उचललं. धाकटा भाऊ चिडला की आपण कुठे बघावं, हे त्याला इतक्या वर्षांत उमगलं नव्हतं. निदान पेन उचलताना खाली बघता येत होतं.

यंत्रासमोर बसलेल्या बाईंनी गाणं थांबवलं. त्या चाळिशीच्या होत्या, केस आखूड कापलेले, कानामागे पेन्सिल. ध्वनिमुद्रणाची ती खोली लहान होती. भिंतींना करडा स्पंज, खिडकी नाही, त्यामुळे गाणं थांबल्यावर शांतता कानात बोळे घातल्यासारखी झाली.

“काय झालं सर?”

“शेवटच्या कडव्याआधी. कोणी हात लावला तिथे?”

“मी लावला. तिथे ड्रम एका मात्रेने मागे पडला होता आणि त्याच्या मागोमाग तुमचा बेसही. दोन्ही जागेवर आणून ठेवले. आता कळतसुद्धा नाही.”

“कळतसुद्धा नाही!” खर्ज्या म्हणाला. “मेलेल्या माणसाला परत मारायचं आणि वर म्हणायचं, कळतसुद्धा नाही!”

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांनी मदतीसाठी दादाकडे पाहिलं. दादाने हातातलं पेन डब्यात ठेवलं.

त्याचं इथे काही काम नव्हतं. भावजयीने सकाळी फोन केला होता, “दादा, तुम्ही जा यांच्याबरोबर. न वाचता सही ठोकून येतील आणि मग महिनाभर घर डोक्यावर घेतील.” म्हणून तो आला होता. छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस, कागद वाचण्यापलीकडे आपला कोणाला उपयोग नाही हे त्याने मान्य केलेलं होतं.

रेकॉर्ड एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. आता ती नव्याने निघणार होती. चौघांच्या त्या बँडमध्ये खर्ज्या सगळ्यात मागे, दिव्यांचा उजेड पोहोचत नाही तिथे उभा राहून बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारा, सगळे खालचे सूर, म्हणून नाव पडलं खर्ज्या. बारापैकी नऊ गाणी त्याने लिहिलेली. आधी खालची चाल त्याच्या पायांत यायची, तिथून बोटांत, आणि शब्द सगळ्यांत शेवटी. ते तो दादाने आणलेल्या रद्दी मुद्रितांच्या पाठीवर लिहायचा. एका बाजूला कुठल्याशा कारखान्याचा वार्षिक अहवाल आणि दुसऱ्या बाजूला नंतर लाखो लोकांच्या तोंडी बसलेलं गाणं.

जाणकार मात्र शब्दांपेक्षा त्याच्या बोटांबद्दल बोलत. बाकीचे बेसवाले ठोक्यावर बोट टाकतात, हा केसभर मागे टाकतो. त्या केसभराला मासिकांनी नाव दिलं होतं, ‘खर्ज्याची ढील’. त्यावर लेख आले होते. ती शिकवणारे वर्ग निघाले होते.

“पण सर, तुम्हीच तसं लिहून ठेवलंय,” बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज आता जरा कडक झाला होता. “मी माझ्या मनाने काही करत नाही.”

त्यांनी फळीवरून टेपचा जुना पुठ्ठ्याचा डबा काढून समोर ठेवला. झाकणावर तीन बोटं रुंदीची पिवळी पडलेली चिठ्ठी होती. निळ्या शाईत, छापल्यासारख्या अक्षरात: ‘गाणे ७. शेवटच्या कडव्याआधी ड्रम व बेस बरोबर घेणे.’

“बरोबर घेणे म्हणजे नीट करून घेणे. दुसरं काय समजायचं मी?”

“बरोबर म्हणजे एकमेकांबरोबर! बरोबरीने! दोघांना सुटं करू नका म्हणून सांगितलं होतं मी!” खर्ज्या गर्रकन वळला. “दादा, हे तुझं अक्षर. काय सांगितलं होतं मी तुला लिहायला?”

दादाला सगळं आठवत होतं, हीच त्याची अडचण होती. एक्केचाळीस वर्षांपूर्वी खर्ज्या खोलीत येरझाऱ्या घालत सांगत होता, ‘ड्रम आणि बेस एकमेकांबरोबर राहू देत, सुटे करू नका, आहे तसंच ठेवा.’ आणि त्याने सवयीप्रमाणे पाल्हाळ कापला होता. वाक्य एका ओळीत नेमकं बसल्यावर त्याला थोडी ऐटसुद्धा वाटली होती.

“चिठ्ठी लहान होती,” तो म्हणाला.

“काय?”

“मला वाटलं... जास्तीचे शब्द आहेत.”

खर्ज्याच्या मानेची शीर ताठ झाली.

“जन्मभर जगाच्या चुका काढत बसलास,” तो म्हणाला, “आणि माझेच शब्द सापडले कापायला? वाचवलेस ते कोणासाठी साठवलेस रे? व्याज मिळतं का त्यांच्यावर?”

दादाने चष्मा काढून पुसायला घेतला. काच स्वच्छच होती.

“हे बघा,” बाई मध्ये पडल्या, “जुनं तसंच आहे माझ्याकडे. एका मिनिटात मागे नेता येतं. पण मालकांनी हे नवंच मंजूर केलंय. त्यांना विचारावं लागेल.”

मालक म्हणजे बँडचा गायक. कंपनी आता त्याची होती. बाईंनी फोन लावून टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

“काय रे खर्ज्या, आहेस का अजून?”

“आहे. तुझ्या दुर्दैवाने.”

“आवडलं का? धुऊन पुसून चकाचक केलंय.”

“सातवं गाणं होतं तसं कर.”

“का? चूक होती ती. एक्केचाळीस वर्षं लोकांना वाटतंय, मीच कडवं लवकर उचललं. मुलाखतीत विचारतात रे मला!”

“विचारतात तर उत्तर दे.”

“काय देऊ? आमचा ड्रमर सकाळी अकरा वाजता पिऊन आला होता म्हणून सांगू?”

खर्ज्याने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. “दणक्या प्यायलेला नव्हता.”

“मी डोळ्यांनी बघितलंय! काठी हातातून निसटता निसटता राहिली. आणि पुढे सहा वर्षं अधूनमधून तेच. शेवटी म्हणे कंटाळा आला. ऐन दौऱ्याच्या तोंडावर गेला निघून! तरी मी त्याच्या शेवटच्या दिवशी खांदा द्यायला आलो. दादा आहेत ना तिथे? दादा, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?”

दादाला बरंच काही बोलायचं होतं. “मी कागद वाचायला आलोय,” तो म्हणाला.

“हे असं! भाऊ एक शब्द बोलणार नाही आणि दुसरा ऐकणार नाही.” फोनमधून हसण्याचा आवाज आला. मग तो थांबला. “खर्ज्या, मी काही राक्षस नाही. मला एक कारण दे. एकच, पण पटेल असं. लगेच जुनं लावायला सांगतो. नाहीतर करारात आहेच, गाणं तुझं, तुला नको असेल तर वगळ. पण त्या गाण्याशिवाय ही रेकॉर्ड म्हणजे दात पडलेलं तोंड. पाच मिनिटं घे, बाहेर हवा खाऊन ये.”

बाहेर बोळ होता. पाण्याचं यंत्र, फरशी पुसायची बादली आणि वर जाणारा अरुंद जिना. खर्ज्याने कागदी पेल्यात पाणी घेतलं आणि न पिताच बादलीत ओतलं.

“देऊन टाक ना एक कारण,” दादा म्हणाला. “तुझ्याकडे शब्दांना काय तोटा?”

“कारण आहे.”

“मग?”

खर्ज्या जिन्याच्या पायरीवर बसला. सत्तरीचा माणूस, पण रागाने त्याचे खांदे अजून पोरासारखे वर चढत.

“बेसवाल्याने गायकाकडे बघायचं नसतं, दादा. ड्रमरच्या खांद्याकडे बघायचं. त्या दिवशी खांदा आला, पण हात आला नाही. मी बोट उचललेलं, ते तसंच धरून ठेवलं. तो आला, मग मी आलो. एकटा चुकला तर चूक दिसते. दोघं मिळून चुकले की लोकांना वाटतं, मुद्दाम केलंय.”

“हात का नाही आला?”

“आजार. डॉक्टरने नंतर नाव सांगितलं. हात कापत जाणार, वाढत जाणार, उपाय नाही. तो डॉक्टर, दणक्याची बायको आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक. तशा हाताने सहा वर्षं वाजवलं त्याने. आणि मी रोज केसभर मागे राहिलो. त्याला उशीर झाला तर माझ्याखाली झाकला जावा म्हणून.”

दादाला ते कळायला थोडा वेळ लागला. “म्हणजे ती तुझी ढील...”

“कसली ढील आणि कसलं काय! वर्ग काढलेत लेकाच्यांनी. मित्राचा कापरा हात कसा झाकायचा, त्याचे वर्ग! फी घेऊन!”

त्याने रिकामा पेला चुरगळून भिंतीवर फेकला.

“मग आत जाऊन हे सांग की!” दादा म्हणाला. आपला आवाज बोळात घुमला हे ऐकून तो स्वतःच दचकला, पण थांबला नाही. “दणक्याला दारुडा म्हणतोय तो! फोनवर, त्या बाईंसमोर! तू ऐकून काय घेतोस?”

“शपथ घातलीय त्याने. मी तेव्हा हेच म्हटलं होतं, सांगून टाकू या, लोक समजून घेतील. म्हणाला, नको. दारुड्याला लोक शिव्या देतात, पण वाजवायला बोलावतात. आजाऱ्याला फुलं पाठवतात आणि दुसरा ड्रमर शोधतात. दारुडा म्हटलं तर म्हणू दे, पण हे बोलायचं नाही.”

“अरे, तो जाऊन नऊ वर्षं झाली. आता त्याला कोण कामावरून काढणार आहे?”

“म्हणून तर पंचाईत आहे. असता तर जाऊन म्हटलं असतं, बाबा, सोडव मला यातून. आता कोण सोडवणार?”

दादा दाराकडे वळला. आयुष्यात त्याने कुणाच्या तोंडावर कधी काही सांगितलं नव्हतं. चुका दिसल्या तरी समासात बारीक अक्षरात लिहायच्या आणि कागद पुढे सरकवायचा, एवढंच. आता मात्र पाय चालत होते.

“मी सांगतो. मी नाही कुणाची शपथ घेतलेली.”

खर्ज्याने उठून त्याची बाही धरली. पकड अजून लोखंडी होती.

“दादा,” तो दात आवळून म्हणाला, “एकदा माझे शब्द कापलेस. आता न बोललेले वाढवू नकोस.”

दादा जागीच थांबला. त्याला त्या गायकाचा राग आला होता, दणक्याचा आला होता, इतकी वर्षं हे एकट्याने गिळून बसलेल्या भावाचा आला होता, आणि सगळ्यांत जास्त त्या तीन बोटं रुंदीच्या चिठ्ठीचा. पण हे सगळं घेऊन जायचं कुठे, हे काही त्याला सुचलं नाही. खर्ज्याने बाही सोडली आणि तोच आधी आत गेला.

“बोल,” फोनमधून आवाज आला. “काय कारण?”

“कारण नाही.”

“मग प्रश्न मिटला. सही कर.”

“सातवं गाणं काढून टाक.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. “वेड लागलंय का तुला? लोक तुला त्या गाण्याने ओळखतात!”

“चुकीचं ओळखतात.”

“अरे, एका मात्रेसाठी? एका मात्रेसाठी आख्खं गाणं?”

“हो. आणि आणखी एक ऐकून ठेव. मुलाखतीत, लग्नात, झोपेत, कुठेही दणक्याचं आणि दारूचं नाव एका दमात घेतलंस, तर उरलेली आठही काढून घेईन. मग बस तुझी तीन गाणी चकाचक करत.”

“आडमुठा आहेस तू. पहिल्यापासून आडमुठा!”

“हे मात्र बरोबर बोललास,” खर्ज्या म्हणाला आणि त्याने बोटाने फोन बंद केला.

बाईंनी कागद पुढे केले. दादाने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, कारण त्यासाठीच त्याला आणलं होतं. गाण्यांच्या यादीत त्याने सातव्या नावावर पट्टी लावून रेघ मारली. रेघ सरळ आली. खर्ज्याने बाजूला सही केली ती इतक्या जोराने, की निब कागदातून आरपार गेली आणि टेबलाच्या फळीवर शाईचा ठिपका उमटला.

“माफ करा सर,” बाई म्हणाल्या. “मला खरंच वाटलं, नीट करायचंय.”

“तुम्ही नीटच केलंत,” खर्ज्या म्हणाला. त्याच्या बोलण्यातली धार कमी झाली नव्हती. “आता जुनं एकदा लावा. सुरुवातीपासून. हात न लावता.”

बाईंनी जुनं लावलं.

गाणं सुरू झालं. खालून बेस आला आणि खुर्चीच्या लाकडात शिरला. खर्ज्या त्यांच्याकडे पाठ करून, मुठी वळून, त्या करड्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. चेहरा दिसत नव्हता. बाई पुठ्ठ्याचा डबा बंद करून फळीवर ठेवत होत्या, कागद आवरत होत्या, दुसऱ्या दिवसाचं काहीतरी वहीत टिपत होत्या. पण खुर्चीखाली त्यांचा उजवा पाय ठेका धरून होता. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. पाय वर, पाय खाली.

शेवटच्या कडव्याआधी तो पाय वर उचलला गेला आणि तसाच राहिला. बाईंचं लक्ष वहीत होतं, पेन्सिल चालू होती. पाय मात्र हवेत थांबून होता, कोणीतरी यायचं आहे म्हणून दार धरून ठेवावं तसा. फक्त दादा ते बघत होता. मग ड्रम आला, बेस आला, आणि त्या दोघांबरोबर पाय खाली टेकला.