परत आलेले

त्या उन्हाळ्यात मी अर्ध्या झोपेतच जगत होतो. जांघेतून आतडं उतरे, मी खाटेवर आडवा होई, तळहातानं दाबे, ते गुडगुड करत आत जाई आणि त्या सुटकेतच डोळे मिटत. मग स्वप्न पडे. माझ्या पोटाची शिवण उसवली आहे, आतला कापूस समुद्रपूरच्या रस्त्यावर उडतो आहे आणि मी त्याच्यामागं हलका हलका तरंगतो आहे. स्वप्नात भीती नसे. जागं झाल्यावर वाटे, एखाद्या दिवशी ते आत गेलंच नाही तर जीव जायचा.

हर्नियाच्या ऑपरेशनला पर्याय नव्हता. पण आणीबाणीतली नसबंदीची धरपकड नुकतीच सरली होती. कमरेखालचं ऑपरेशन म्हटलं की गाव हसे. म्हणून आर्वीला बाजाराच्या दिवशी लॉजवर उतरणारा डॉक्टर मला पसंत होता. गुपचूप जायचं, गुपचूप यायचं.

माझी बायको शकू तोंडावर बोलणारी. "बैल घ्याले जाता तं दात पाह्यता," ती म्हणाली, "अन् पोट फाडाले देता तं काईच पाहत नाई?"

लॉजवरच्या पाटीवर डॉक्टरच्या नावापुढं नुसती अक्षरंच अक्षरं. शकूनं विचारलं, "शिकले कुठी जी?"

"मुंबई, लंडन, सगळीकडे."

"तुमच्या हातचे किती जन परत आले? म्हंजे ज्यायचं पुन्हा उतरलं?"

"एकही नाही, बाई," तो हसला. काय गोड आवाज होता! तिथंच आडवं व्हावं, असं मला वाटलं. शकूनं दंड धरून मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं वर्ध्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर प्रेमदास माझ्या पोराच्या वयाचे. नागपूरला मेडिकलमध्ये सर्जरी शिकलो, एवढंच म्हणाले. शकूनं त्यांनाही तोच प्रश्न टाकला.

"आले आहेत काही. एक तं आत्ताच वॉर्डात आहे. भेटा त्याले."

तो कवडू नावाचा हमाल. पहिल्या ऑपरेशननंतर महिना व्हायच्या आत त्यानं कापसाचा बोरा उचलला होता. "माह्याच घाईनं झालं," तो म्हणाला. "पन डाक्तर म्हनते, माहाबी टाका कच्चा राह्यला असन."

माझी गाळणच उडाली. बाहेर व्हरांड्यात येऊन मी शकूवर चिडलो. "हा डाक्तर स्वतःच सांगून राह्यला, आपण चुकतो म्हणून. आर्वीवाला बरा."

शकू भिंतीला टेकून खाली बसली. तिचे डोळे भरले होते. "त्याचे लोक परत आले नाई, तं गेले कुठी?" ती म्हणाली. "तुमाले गाव हासन, याचं भेव आहे. मले तुमी पायजे."

मी भरती झालो.

पाठीत सुई टोचली आणि पाय कुठंसे निघून गेले. वरचा दिवा दुधासारखा पसरला. मी त्यात पोहत होतो. दुरून, जणू नदीच्या पल्याडहून, कात्रीचा आवाज येत होता. माझी जीभ जड झाली होती, तरी विचारलंच.

"डाक्तरसाहेब, पुन्हा उतरलं तं?"

आवाज थांबला.

"तं या, रूपरावजी. मी इथंच आहो."

मला रडू फुटलं. दिवा पाण्यात हलावा तसा हलला आणि डॉक्टर परत टाके घालू लागले.