वावरातला पट्टा

पूनमसिंगनं लेकीच्या हातातली बॅग काढून घेतली, खांद्यावर टाकली आणि वावरातून जाणारी जवळची वाट सोडून तो देवळाकडे वळला.

"इकडून कुठं, बापू?" उज्ज्वला म्हणाली. "वावरातून लवकर पोचू."

"चिखल हाये तिकडं. तुये बूट खराब होतीन."

बुटांची काळजी या माणसानं जन्मात केली नव्हती. नवेकोरे बूट घालून ती भर पावसात पळायची आणि हा बांधावर उभा राहून "आणखी एकदा" म्हणायचा. पण उज्ज्वलानं वाद घातला नाही. वाट जितकी लांब तितकं बरं, सांगायची गोष्ट तेवढीच पुढे ढकलली जात होती. दारव्ह्यापासून जीपमध्ये ती एकच वाक्य मनात घोळवत होती. बापू, मी आता पळणार नाही.

सेवालाल महाराजांच्या देवळाची वाट दर पावसाळ्यात घोट्यापर्यंत रुतवायची. यंदा तिच्यावर लाल मुरूम पसरला होता. तांड्यात कुणाला तरी शहाणपण सुचलं म्हणायचं, एवढंच तिच्या मनात आलं.

तिनं शाळेत असताना तालुक्याची शर्यत जिंकली, त्या वर्षापासून पूनमसिंगनं वावराच्या मधोमध एक पट्टा मोकळा ठेवला होता. दोन्हीकडे कापूस आणि मधे मुरूम दाबून केलेली लाल वाट. बांबूचे अडथळेही त्यानंच बांधले. लोक म्हणायचे, पूनमसिंग वावरात पोरगी पेरतो; त्याला ते फार आवडायचं. त्या पट्ट्यावरून ती जिल्ह्याला गेली, पुण्याला गेली. शंभर मीटर आणि अडथळ्यांची शर्यत, दोन्हींत देशात पहिली आली. परदेशात तिरंगा अंगावर घेऊन फिरली. या उन्हाळ्यातही सुवर्णपदक तिलाच मिळालं आणि त्याच संध्याकाळी तिला कळलं, की आपलं मन भरलं. गुडघा दुखत होता, पण ते निमित्त. आता लहान मुलींना शिकवावंसं वाटत होतं. तिनं प्रशिक्षकांना सांगितलं. ते थोडे रुसले, मग मानले. बापू रुसला तर? चांगल्या काळ्या जमिनीचा तुकडा त्यानं तिच्यासाठी वर्षानुवर्षं उपाशी ठेवला होता.

घरी बसंतीबाई दोडके चिरत बसली होती. टोपली भरून दोडके.

"याडी, एवढे कुठले गं?"

आईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छपराकडे.

चहा पिऊन उज्ज्वला उठली. सांगायचंच तर पट्ट्यावर उभं राहून सांगावं, असं तिनं ठरवलं होतं.

"मी वावरात जाऊन येते."

"आराम कर ना," पूनमसिंग म्हणाला, आणि चपला शोधत तिच्या मागे निघाला.

वावरात पट्टा नव्हता. तिथं तूर होती, गुडघ्याला लागेल एवढी. अडथळे मात्र जागच्या जागी रांगेत उभे होते आणि प्रत्येकावर दोडक्याचा वेल चढला होता. दिवस कलला होता, पिवळी फुलं नुकती उमलत होती.

"मुरूम खरडून देवळाच्या वाटेवर टाकला," मागून पूनमसिंग म्हणाला. तो जमिनीकडे पाहत होता. "अडथळे उपटणं नाही झालं माह्याच्यानं. मंग तुह्या याडीनं वेल चढवले."

"कधी पेरलं?"

"मिरगात."

तेव्हा तर तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

"तुले काहून वाटलं असं?"

"मोबाइलवर तुही शर्यत पाह्यली. पयले जिंकली का तू आमाले शोधत राहे, आमी तिथं नसलो तरी. या बारीले खाली बसली न् बूटच सोडू लागली." तो थांबला. "म्हटलं, पोरगी थकली. मंग जमीन कायले अडवू? पण तुले इचारलं नाही. जीप दिसली तवापासून कसं सांगू, तेच समजत नव्हतं."

उज्ज्वला बांधावर बसली. हसू आणि रडू एकदमच आलं. घोळवून घोळवून गुळगुळीत झालेलं ते वाक्य आता लागणारच नव्हतं. 

"मलेबी नव्हतं समजत, बापू," डोळे पुसत ती म्हणाली. "दारव्ह्यापासून."

पूनमसिंगनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं आणि मोठा श्वास सोडला.

घराकडून बसंतीबाईची हाक आली. "कवळे पाहून आण गं दोन-चार. अन् उडी नको मारू, फूल झडते."

उज्ज्वला पहिल्या अडथळ्यापाशी गेली. सवयीनं तिचा डावा पाय मागे सरकला, टाच उचलली गेली. मग तिनं ती खाली टेकवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच अडथळ्याला वळसा घालून पलीकडे गेली.

बांधावर पूनमसिंग उभा होता. आणखी एकदा, असं काही तो म्हणाला नाही.