परगावच्यांची हजेरी

केडगावात माझ्या सुनंचं चर्च हाय ना, तिथं लोक चपला-बूट घालून देवापुढं बसत्यात. ते म्या पयल्यांदा बघितलं आन माझं डोकंच फिरलं. दुकानांच्या वरचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पडदा, पडद्यावर गान्याचे बोल, आन चार पोरं जीव खाऊन ड्रम बडवत्यात. म्या रेश्माच्या कानाला लागून म्हनलं, "अगं बाई, देवाला ऐकू कमी यायला लागलंय का?" ती तोंडाला पदर लावून हसली. सून गुनाची हाय माझी, उगं कशाला खोटं बोलू? पर माझं मन तिथं लागंना ते लागंनाच. दुसऱ्या रविवारी म्या सरळ सांगितलं, तुमी जावा, माझी उपासना मी घरी करते.

माझं नाव पुष्पावती. आमचं गाव कर्जत तालुक्यात, माळावर. गावाच्या कडंला आमची ख्रिस्ती वस्ती आन वस्तीच्या तोंडाला पत्र्याचं देऊळ. आमी त्याला देऊळच म्हनतो. चपला भाईर, खाली जाजम, उजवीकडं बाप्ये, डावीकडं बाया, मधी पेटी आन टाळ. एक काळ असा हुता की दारात उभं ऱ्हायला जागा मिळायची न्हाई.

आमच्या देवळाची एक रीत हाय, ती दुसरीकडं कुटं म्या बघितली न्हाई. पूर्वी निम्मी वस्ती ऊसतोडीला जायची. तवा जुन्या पंचांनी ठरवलं, की उपासना संपायच्या आदी पुढाऱ्यानं परगावी गेलेल्यांची नावं एकेक करून घ्यायची. त्यांच्या घरचं, न्हाईतर शेजारचं जे कुनी बसलं आसंल, त्यानं त्यांच्या वतीनं म्हनायचं, "हाजर." मानूस तिकडं फडात कोयता चालवतंय, पर देवापुढं त्याची जागा रिकामी न्हाई. देवळात बसलेल्यांची नावं घ्यायची न्हाईत, ते दिसत्यातच. आन जो प्रभूत निजला, म्हंजी वारला, त्याचंबी नाव घ्यायचं न्हाई. निजलेल्याला हाक मारू ने, असं आमचे पंच म्हनायचे.

मग ऊसतोड सुटली आन लोक कायमचेच गेले. कुनी सुप्याला कंपनीत, कुनी पुन्याला, कुनी मुंबईला. पोरंबाळं शिकली, चांगलं झालं, माझी काय तक्रार न्हाई. पर देवळात ऱ्हायलो दोघंच. मी आन शांतवन भाऊ भिंगारदिवे. भाऊ आमचे पंच, माझ्या मालकांचे दोस्त. मालक निजले तवा कबरीत उतरून त्यांनीच सगळं केलं. पाळकसाहेब शहरातून यायचे प्रभूभोजनापुरते, एरवी आमचं आमी. भाऊ उजवीकडं बसायचे, मी डावीकडं, मधी सगळं रिकामं जाजम. ते पुढारी आन मी मंडळी. मी चिडवायची, "भाऊ, आज मंडळीचा घसा बसलाय, गानं जरा खालच्या पट्टीत घ्या." ते हसायचे न्हाईत, पर पट्टी खाली यायची.

नावं मातुर वाढत चालली. अख्खी वस्ती परगावी, आन सगळ्यांच्या वतीनं "हाजर" म्हनायला मी एकटी. माझ्या घशाला कोरड पडायची, पर एक नाव सुटू दिलं न्हाई.

त्या नावांत माझ्या थोरल्याचं नाव हुतं. रूबेन. ट्रकवर गेला, गुजरातकडं. आदी फोन करायचा, पैसं न्हाई धाडलं तरी आवाज ऐकवायचा. मग फोन लागंना झाला. धाकट्यानं, कल्याननं, लई धुंडाळलं. पोलिसात सांगितलं, त्याच्या दोस्तांना गाठलं, काय उपेग झाला न्हाई. वर्षामागून वर्षं गेली. भावकीतले म्हनायला लागले, किती दिवस नाव घेनार, आता सोडा. पाळकसाहेबबी एकदा म्हनले, "मावशी, त्याला प्रभूच्या हाती सोपवा." म्या म्हनलं, "सोपवलाय की साहेब, म्हनून तर दर रविवारी इचारते." शांतवन भाऊंनी कवाच काय म्हनलं न्हाई. ते नाव घ्यायचे, "रूबेन," आन मी म्हनायची, "हाजर." जवर हाक हाय तवर माझा लेक जित्ता हाय. मी तेवढंच धरून जगत हुते, झाकून कशाला ठेवू?

मग पायरीवर पाय घसरला आन माझं खुब्याचं हाड मोडलं. कल्याननं ऑपरेशन करवलं आन मला उचलूनच केडगावला आनलं. मी लई भांडले. भाऊ भेटायला आले तवा बराच येळ टोपी हातात फिरवत बसले. म्हनले, "जावा वहिनी. तब्येत म्हत्त्वाची. पर एकट्याची उपासना कशी व्हायची, ह्ये मला कळंना."

त्याच्यावर मोबाईलचा तोडगा निघाला. घरची मानसं त्या हॉलला गेली की मी गॅलरीत बसायची. भाऊ देवळातनं फोन लावायचे, तो पेटीवर ठेवायचे आन उपासना चालू करायचे. पयल्याच रविवारी सगळी नावं झाली, रूबेन झाला, कल्यान झाला, आन भाऊंनी आनखी एक नाव घेतलं, "पुष्पावती."

"अवो, मी हाय की हितं!"

"न्हाई वहिनी, तुमी आता परगावी हायेत. तुमचं दुसरं कोन म्हननार? तुमीच म्हना."

अख्ख्या वस्तीची हाजरी म्या दिली, पर माझं नाव आजपातूर कुनी पुकारलं नव्हतं. म्या "हाजर" म्हनलं आन मग ढसाढसा रडले.

असं बरं चाललं हुतं. मग मधीच एकदा कल्यान म्हनला, कंपनीच्या कामाला भाईरगावी जायचंय. घाईघाईत गेला. आला तवा तोंड उतरलेलं, डोळे लाल. जेवला न्हाई. माझे पाय दाबत बसला. म्या म्हनलं, "काय रं, बायकूनं घरातनं हाकललं का?" तर म्हनला, "प्रवास लई झाला, आई." मला आपलं वाटलं, आसंल.

त्या रविवारी रेश्मा पोरांना घेऊन हॉलला गेली, कल्यान घरीच ऱ्हायला. मी गॅलरीत बसले. भाऊंचा फोन आला. "सलाम, वहिनी." आवाज घोगरा. गानं झालं, प्रार्थना झाली, नावं चालू झाली. आमचं घर वस्तीच्या टोकाला, म्हनून आमची नावं शेवटी. शेजारच्यांची नावं झाली, म्या "हाजर" म्हनलं, आन रूबेनसाठी तोंड उघडून बसले.

भाऊ म्हनले, "कल्यान."

"थांबा, भाऊ. चुकलं. रूबेन ऱ्हायला."

म्या फोन कानाला घट्ट लावला.

"म्हातारपन आलं तुमाला. मागं या. रूबेन म्हना."

देवळाच्या पत्र्यावर कबुतरं चालत्यात, त्यांच्या नख्यांचा आवाज तेवढा फोनमधी येत हुता. मी घाबरले. माझी मीच वरडले, "रूबेन हाजर! ऐकलं का? हाजर!" खालच्या दुकानदारानं वर बघितलं.

"वहिनी," भाऊ म्हनले, "म्या कल्यानला शब्द दिलाय. तोंडानं काय सांगनार न्हाई, म्हनून. पर देवळात बसून निजलेल्याला हाक मारायची, ह्ये मला जमंना हो."

म्या वळून बघितलं तर कल्यान दारात उभा. तो तसाच खाली बसला, माझ्या पायाशी. गुजरातेत हायवेच्या कडंला एका ढाब्यावर रूबेन भांडी घासत हुता म्हनं. ट्रक कवाच सुटला हुता, दारू लागली हुती, लाजंखातर घरी आला न्हाई. तापानं गेला. खिशात गावच्या पत्त्याचं कार्ड सापडलं, त्यावरनं नंबर काढून ढाब्यावाल्यानं गावात फोन लावला, आन भाऊंनी कल्यानला कळवलं.

"तिथंच माती दिली, आई. पाळक मिळाले तिथले, प्रार्थना झाली. तुझं आत्ताच ऑपरेशन झालंय, तुला झेपनार न्हाई म्हनून..."

म्या त्याच्या थोबाडीत मारली. एवढ्या मोठ्या, दोन पोरांच्या बापाला. "मला न्हेलं न्हाईस! एक मूठ माती टाकली आसती रं म्या! माझ्या हातची एक मूठ!" तो मार खात ऱ्हायला, हालला न्हाई. मग माझाच हात थकला. काय सांगू, माझ्या लेकरानं परक्या मुलखात खरकटी भांडी घासली, आन मी हितं दर रविवारी त्याची हाजरी लावत हुते.

फोन तसाच चालू हुता. किती येळ गेला देव जाने. मग भाऊंचा आवाज आला, हळूच, "वहिनी, उपासना अर्धी ऱ्हायलीय."

राग असा आला, की फोन खाली भिरकावून द्यावा. पर आमच्या वस्तीत मानसं मेली, घरं पडली, पर उपासना अर्धी कुनी सोडली न्हाई. म्या म्हनलं, "घ्या नाव."

"कल्यान."

कल्यान मान वर करून माझ्याकडं बघत हुता, ल्हानपनी बघायचा तसा. मी गप ऱ्हायले आसते तर त्याचंबी नाव गळल्यावानी झालं आसतं. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आन म्हनलं, "हाजर."

"पुष्पावती."

मला वाटलं, नगंच म्हनायला. गळू दे माझंबी, लेकाच्या शेजारी. भाऊ दोनदा हाक मारत न्हाईत कुनाला, त्यांनी त्या दिशी मारली. "पुष्पावती." कल्याननं माझ्या वतीनं बोलायला तोंड उघडलं, तर म्या त्याच्या तोंडावर हात ठेवला.

आदी माझं गळायला पायजे हुतं रं देवा, माझ्या रूबेनच्या आदी. पर म्या म्हनलं, "हाजर."