मनोऱ्याची भेग
इमारतीची तपासणी करणाऱ्या कंपनीच्या तरुण ब्रॅडीने पडद्यावरचं भेगेचं चित्र मोठं केलं, तसे मागच्या बाकावरचे दोघे-तिघे कॉफीचे पेले खाली ठेवून पुढे वाकले.

"ही तळघरातली भिंत," तो म्हणाला. "इमारत धोक्याची आहे. दुरुस्तीपेक्षा पाडून नवी बांधणं परवडेल."

ज्या काउंटी कोर्टात, म्हणजे जिल्ह्याच्या न्यायालयात, ही सभा चालली होती, त्याच इमारतीबद्दल तो बोलत होता. ती बांधणारा म्हातारा वास्तुविशारद आर्लो विटमर पहिल्या रांगेत, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. काउंटीचं हे चौथं कोर्ट. पहिलं ओंडक्यांचं. दुसरं फळ्यांचं, ते शेगडीच्या ठिणगीने जळालं. तिसरं चुनखडीच्या दगडाचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं. नेब्रास्कातल्या या लहानशा गावात त्याचे फोटो न्हाव्याच्या दुकानापासून बँकेपर्यंत अजून टांगलेले आहेत. ते जळालं नाही, कोसळलंही नाही. मनोऱ्याला भेग पडली आहे, तो कधीही खाली येईल, असा अहवाल तरुण आर्लोने दिला आणि ते पाडलं गेलं. त्या जागी त्याचीच ही सपाट छपराची, विटांची इमारत आली.

"डुएन, मला बोलायचंय."

इर्मा कोवारिक उठून उभी राहिली. जुन्या कोर्टाच्या घड्याळाला जन्मभर किल्ली देणाऱ्या वेन्सेलची ती मुलगी, शाळेत आर्लोच्या वर्गातली. सभाध्यक्ष डुएनने मान हलवली.

"पाडू नका हे."

"अगं, तूच याला बुटांचा खोका म्हणतेस ना!" मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

"अजूनही म्हणते. पण याच खोक्यात न्यायाधीशांनी माझी दत्तक लेक माझ्या पदरात घातली. एक कोर्ट पाडताना बघितलंय मी. तेव्हा इलाज नव्हता. आर्लो स्वतः मनोऱ्यावर चढून बघून आला होता. धोक्याची इमारत कशी असते ते त्यालाच विचारा. सांग रे यांना, आर्लो."

आर्लो उठला नाही. टोपीची कड त्याने बोटांमधून एकदा पूर्ण फिरवली.

"पोरा, तळघरात तू स्वतः उतरलास का?"

"आमच्या माणसाने फोटो पाठवलेत, सर," ब्रॅडी म्हणाला. "भेग तर दिसतेच आहे."

"मलाही दिसली होती. खालून." आर्लो म्हणाला. "मी वर गेलोच नव्हतो. नव्या कोर्टाचे नकाशे माझ्या टेबलावर तयार होते. मनोरा टिकला असता का, मला माहीत नाही. मी बघितलंच नाही. तुम्ही तरी आधी खाली उतरा."

कोणी हसलं नाही. डुएनने चष्मा काढून पुसला आणि निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. लोक आर्लोला वळसा घालून बाहेर पडले.

तो सगळ्यांत शेवटी निघाला. इर्माची गाडी पायऱ्यांपाशीच उभी होती, काच खाली केलेली.

"बस. वारा आहे."

तो बसला. तिने गाडी सुरू केली नाही.

"बाबा म्हणायचे, मनोरा ठणठणीत आहे," समोर बघत ती म्हणाली. "जेवायला बसलं की तेच. पाडायचं ठरलं त्या सभेला निघाले होते, कोट घालून. मीच दारात अडवलं. म्हटलं, चारचौघांत हसं करून घेऊ नका. आर्लो शिकलेला आहे, वर जाऊन बघून आलाय. मग बसले ते. कोटसुद्धा काढला नाही."

आर्लोने तिच्याकडे वळून पाहिलं.

"मी वर गेलो होतो असं तुला कोणी सांगितलं, इर्मा?"

तिने समोरच्या काचेवरची वाफ बाहीने पुसली. पुसून झाली तरी हात फिरतच राहिला.

"कोणीच नाही. मीच तसं धरून चालले होते."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "पट्टा लाव." त्याला खाच सापडेना. तेव्हा तिने वाकून तो लावून दिला.