तीन फुल्यांचं दुपटं

आप्पा शिंपी होते, आणि त्यांचा 'परवा' कधी उजाडतो हे त्यांच्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारून घ्यावं. एका नवरदेवाने तर लग्नाच्या सकाळी त्यांच्या दुकानातच पँट चढवली होती. बाहेर गाडी हॉर्न देत होती आणि आप्पा जमिनीवर बसून पायाची दुमड घालत होते. पन्नास वर्षं धंदा केला, पण सांगितल्या दिवशी कपडा दिला असं फारसं घडलं नाही. अशा माणसाच्या जिवाला एका वस्तूचा घोर लागावा, आणि तोही ती वेळेवर परत गेली नाही म्हणून, ही गंमतच म्हणायची. ती वस्तू म्हणजे तान्ह्या बाळाचं एक दुपटं. उशीर झाला होता एकोणऐंशी वर्षांचा.

दुपटं घरचं नव्हतं, हीच अडचण होती. लढाईच्या शेवटच्या आठवड्यात आप्पांची आई, दिवस भरलेली, गाव सोडून एका परक्या शहरात येऊन पोचली. विमानांचा भोंगा झाला तशी लोकांच्या लोंढ्याबरोबर टेकडीखालच्या भुयारात उतरली, आणि तिथेच एका दगडी कोनाड्यात आप्पा जन्मले. आईजवळ अंगावरच्या कपड्यांपलीकडे चिंधीसुद्धा नव्हती. अंधारातून कुणीतरी बाई आली, जाड कापडाचं दुपटं बाळावर घातलं, "नीट गुंडाळ गं, इथे गारठा फार," एवढंच म्हणाली आणि गेली. चौथ्या दिवशी लढाई संपल्याचा भोंगा वाजला. हजारभर माणसं एकदम जिन्याकडे धावली आणि त्या रेट्यात आई बाळासकट वर उजेडात आली. दुपटं बाळाच्या अंगावरच राहिलं.

भुयाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत नियम लिहिलेले होते. त्यातला एक आईला जन्मभर पाठ होता: 'उसनी घेतलेली वस्तू वर जाण्याआधी ज्याची त्याला द्यावी.' दोन दिवस ती शहरात विचारत फिरली, पण जो तो आपलं घर जागेवर आहे का ते बघत होता, दुपट्याची चौकशी कोण ऐकणार? मग गावाकडे जाणारा ट्रक मिळाला आणि ती निघून गेली. पुढे भुयाराची दारं सरकारने विटा लावून बंद केली.

तेव्हापासून दुपटं ट्रंकेत. वर्षातून एकदा ऊन दाखवायचं, डांबराच्या गोळ्या बदलायच्या, पुन्हा ट्रंक. आप्पांच्या पाठच्या दोन बहिणी थंडीत कुडकुडल्या, पण त्यांच्या अंगावर ते कधी पडलं नाही. "परक्याची ठेव आहे," आई म्हणायची आणि विषय संपायचा. अखेरच्या दुखण्यात तिने ना घराचं काही सांगितलं, ना दागिन्यांचं. "तेवढं दुपटं पोचतं कर रे," म्हणाली.

त्याच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्याच्या तीन फुल्या होत्या. आईचा तर्क असा, की मालकीण अंगठेबहाद्दर असणार, लिहिता येत नाही म्हणून फुल्या. आप्पांचा मुलगा लहानपणी म्हणायचा, कुणीतरी शिवी घातलीय आणि ती छापण्यासारखी नाही. या विनोदाबद्दल त्याला आजीचा एक धपाटा मिळाला होता.

भुयारं आता लोकांना बघायला खुली झाली आहेत, गाईड हिंडवून दाखवतो, ही बातमी सूनबाईनेच मोबाइलवर वाचून दाखवली आणि मग जिभेला आवर घालायला हवा होता असं तिला वाटलं.

"आप्पा, एकशेबारा पायऱ्या आहेत. उतराल हो, पण वर कोण आणणार?"

"जन्मलो तेव्हा तर पाऊलही टाकता येत नव्हतं. तरी आलोच ना वर?"

सूनबाई बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. वॉर्डातल्या हट्टी बाया तिच्यापुढे गप्प होत, पण सासऱ्यापुढे तिने हात टेकलेले होते. त्यातून तिच्या स्वतःच्या लेकीचे दिवस भरत आलेले, घरात तयारीची धांदल.

"आणि देणार कुणाला? ती बाई आज शंभरीच्या पुढे असेल."

"लेक असेल, नात असेल. कुणीच नसलं तर तिथल्या भिंतीला देईन. पण आईने माझ्यावर टाकलेलं मी तुमच्यावर टाकून जाणार नाही. आता नाही तर कधीच नाही, सूनबाई."

ती दोन तिकिटं काढून मोकळी झाली.

गाईड म्हणजे एक निवृत्त शिक्षिका निघाल्या. शाळा सुटली तरी बाई सुटल्या नव्हत्या. बाराही जणांना हेल्मेट घालून त्यांनी रांगेत उभं केलं, दोनदा मोजलं आणि बजावलं, "मागे रेंगाळेल त्याला अंगठे धरून उभं करीन." आप्पांनी काखेतली पिशवी घट्ट धरली. सूनबाईने आप्पांना धरलं.

खाली ओल्या चुन्याचा वास होता आणि हाडांत शिरणारा गारवा. दोन्ही भिंतींना लाकडी बाकं, एकावर एक तीन. प्रत्येक बाकाच्या डोक्याशी खुंटी आणि खुंटीवर रंगवलेला आकडा. कंदिलांची काजळी छताला अजून तशीच होती. बाकांच्या कडा माणसं बसून बसून गुळगुळीत झाल्या होत्या, आणि आप्पांनी एका कडेवरून बोट फिरवलं. यातल्या कुठल्या कडेवर आई बसली असेल, ते शोधत ते पुढे सरकले. पुढच्या वळणावर भिंतीवरचे नियम आले. पाचवा नियम त्यांनी वाचला. आई म्हणायची त्यातला एक शब्दही इकडचा तिकडे नव्हता. इतका वेळ धीराने चाललेला माणूस तिथे एकदम अपराध्यासारखा झाला.

"पाचवा नियम लोकांनी इमानाने पाळला," गाईडबाई सांगत होत्या. "भांडं, चादर, कंदील, जे उसनं द्यायचं त्यावर आपल्या बाकाचा नंबर. भांड्यावर खिळ्याने कोरायचा, कपड्यावर दोऱ्याने घालायचा."

आप्पांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "बाई, एखादीला नंबर लिहिता येत नसला तर?"

"शेजारी लिहून द्यायचे. नंबर नाही अशी उसनी वस्तू इथे नव्हतीच, आजोबा."

"मग हे?" म्हणत आप्पांनी पिशवीतून दुपटं काढलं.

बाईंच्या टॉर्चचा उजेड कोपऱ्यावर पडला आणि तिथेच थांबला. पोरांवर ओरडण्यात हयात घालवलेल्या बाईंचा आवाज एकदम खाली आला.

"कुठे मिळालं तुम्हाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"मिळालं नाही. परत करायचं राहिलंय आमच्याकडून." मग आप्पांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं: कोनाडा, ती बाई, भोंगा, ट्रंक. सांगताना मान खालीच होती.

"आजोबा, बसा आधी," बाई म्हणाल्या. "हे उसनं नव्हतं. इथे एक बाई होती. तिचं नाव आम्हाला शोधूनही सापडलं नाही. ज्या म्हाताऱ्या बायकांनी आम्हाला इथल्या गोष्टी सांगितल्या, त्या तिला नुसतं ओव्हरकोटवाली म्हणायच्या. ज्यांचे मालक परत आलेच नाहीत असे कोट ती उसवायची आणि इथे जन्मलेल्या बाळांसाठी दुपटी शिवायची. नंबर घातला असता तर ते उसनं ठरलं असतं. म्हणून तीन फुल्या. तीन फुल्या म्हणजे परत आणायचं नाही."

"पण भिंतीवर तसं कुठे लिहिलंय?" सूनबाईने विचारलं.

"लिहायची गरजच नव्हती. इथे महिनोन्महिने काढलेल्यांना ते ठाऊकच होतं. यांच्या आई चार दिवसांच्या पाहुण्या. त्यांना भिंतीवर दिसलं तेवढंच कळलं."

आप्पा बाकावर बसले. कुडकुडणाऱ्या बहिणी आठवल्या आणि क्षणभर त्यांना आईचा रागच आला. मग डांबराच्या गोळ्या बदलणारे तिचे हात आठवले आणि डोळे भरून आले. आपल्याला मिळालेली भेट तिने जन्मभर चोरीच्या मालासारखी सांभाळली. "आई, तू पण ना," ते पुटपुटले, आणि रडता रडता हसले. सूनबाईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"या भुयारात सदतीस बाळं जन्मली," बाई म्हणाल्या. "दुपटी सगळी वापरून विरली. पहिल्याला झालं की धाकट्याला, शेवटी फरशी पुसायला. एकसुद्धा उरलं नाही. हे एवढंच राहिलंय, आणि तेही तुमच्या आईंनी आपलं मानलं नाही म्हणून." त्या जरा घुटमळल्या. "वर आमचं काचेचं कपाट आहे. तिथे ठेवाल का हे?"

आप्पा द्यायलाच तर आले होते. हातही अर्धा पुढे गेला. पण मग त्यांनी दुपटं उलटवलं आणि चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरलं. आजवर ते त्यांनी गिऱ्हाइकाच्या कपड्यासारखं बघितलं होतं, आज पहिल्यांदा स्वतःच्या वस्तूसारखं बघत होते.

"नाही बाई," ते म्हणाले. "परत आणायचं नाही, असं ती सांगून ठेवते. एवढ्या वर्षांनी तिचा शब्द कळला आणि लगेच मोडू? पण तुमची वही काढा. नाव नाही म्हणता ना, मग निदान हे लिहून घ्या."

बाईंनी खरंच वही काढली.

"ती डावखुरी होती. काठाचे टाके बघा, आमच्या उलट बाजूला कललेत. दोरा दुहेरी घेतलाय, मेण लावून. शिवणी बाहेरच्या अंगाला काढल्यात, बाळाला टोचू नयेत म्हणून. हे इथे कोटाचं काज होतं, ते असं रफू केलंय की मला इतक्या वर्षांत दिसलं नाही. आणि इथे टाके जरा वाकडे गेलेत आणि पुढे पुन्हा सरळ झालेत. कंदील मंदावला असेल, नाहीतर पेंगली असेल बिचारी. उसवलं नाही, पुढे शिवत गेली." आप्पा थांबले. "आणि ती शिंपीण नव्हती. धंदेवाल्याने एवढा जीव ओतला नसता. मी तर परवा या म्हटलं असतं."

बारा जणांत कुणी फोटो काढत नव्हतं. परतताना बाळंतिणींच्या कोनाड्यापाशी आप्पा मागे रेंगाळले, आणि अंगठे धरायला कुणी सांगितलं नाही. त्यांनी भिंतीला हात लावला. "ओव्हरकोटवाल्या बाई, आईचा निरोप आणलाय, जरा उशीर झाला," ते म्हणाले. "फार उपकार झाले तुमचे. मी जगलो, चांगला जगलो." एकशेबारा पायऱ्या चढताना ते सात वेळा थांबले.

तीन आठवड्यांनी नातीला मुलगी झाली. आप्पांनी दुपटं स्वतः धुऊन, उन्हात वाळवून ठेवलं होतं, डांबराचा वास पूर्ण जाईपर्यंत. बाळ घरी आलं तसं सूनबाईने सराईत हातांनी त्यात गुंडाळलं आणि पणजोबांच्या मांडीवर ठेवलं. पाच मिनिटं झाली नसतील, आप्पांची मांडी गरम झाली.

"अगंबाई, ओलं केलं की हिने," सूनबाई धावली. "द्या इकडे आप्पा, डाग पडेल त्याला."

"राहू दे गं," आप्पा म्हणाले. "तिचंच आहे."