डावं-उजवं

आरजूला मिळण्यासारखं एकच होतं, पण ते दणदणीत होतं: सिरसाळ्याच्या बाजारातलं बापाचं खरादीचं दुकान. त्यात लाकूड कातायची, मोटारीवर फिरणारी खराद आली, भिंतभर पटाशा आल्या आणि रस्त्याकडं तोंड करून बसायची मालकाची गादीही आली. त्या गादीवर घरातली बाई आजवर टेकली नव्हती. आरजूचा जन्म मागच्या खोलीत पलंगाचे पाय घासण्यात चाललेला. हरली तर पुन्हा घासायचे. म्हणजे तोटा शून्य. जाण्यासारखं होतं ते धाकट्या भावाचं, जाकीरचं. दुकान आपलंच, हे त्यानं पाळण्यातच धरून टाकलेलं. खराद भंगारात घालायची आणि तिथं मोबाइलचं काउंटर टाकायचं, इथवर त्याचा बेत पोचला होता.

घोळ घातला वडवणीकडच्या बद्रीनाथ आण्णांनी. आण्णा जमीनदार, पुढारी आणि तालमीचे पोशिंदे. यंदा दसऱ्याला त्यांना जड ओढीच्या धनुष्यांची स्पर्धा भरवायची होती. असलं धनुष्य ओढायला पैलवान लागतो आणि बाणही पैलवानासारखाच लागतो. काडी लेचीपेची निघाली तर सुटता सुटता फुटते आणि ओढणाऱ्याच्याच हातात घुसते.

"लाकडीच पायजेत, दस्तगीरभाई. जुन्या चालीचे," आण्णा म्हणाले. "जमले तर तालमीचं समदं काम तुमचं."

आरजूच्या बापाचे, दस्तगीरचे, गुडघे गेले होते, तोंड शाबूत होतं. "आण्णा, आमच्या पणजोबानं निजामाच्या फौजेला तीर दिलेत!"

पणजोबा लाटणी करायचा, हे आरजूला ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकासमोर बापाची थाप मोडू नये, एवढा धंदा तिला कळत होता.

आण्णांची गाडी गेल्यावर म्हाताऱ्यानं दोघांना समोर बसवलं. "दोघंबी बाण करा. ज्याचे सरळ जातील, खराद त्याची आन् गादीबी त्याची. माझ्या घरात डावं-उजवं न्हाई."

"आपालाबी?" जाकीर थोरल्या बहिणीकडं बघून हसला. "मग काय, खराद जहेजमधी देता?"

"तुझी जीभ आधी खरादीवर लाव बे. जरा गुळगुळीत व्हईल."

लाकूड धामणीचं आणलं. वाकेल पण मोडणार नाही असं. टर्की पाळणाऱ्याकडून पोतंभर पिसं आली. दस्तगीरनं त्यांचे दोन ढीग घातले, हातानं तोलून अगदी सारखे.

जाकीरचा हात सफाईचा. त्याच्या काड्या आरशासारख्या झाल्या. ढिगातून येईल ते पीस उचलायचं, कातरायचं, चिकटवायचं. बाण असे देखणे की लग्नात रुखवतावर मांडावेत. आरजू मात्र रेंगाळत होती. दोन विटांवर काडी ठेवायची, मधोमध तराजूचं माप टांगायचं, आणि जास्त झुकेल ती काडी चुलीत. आण्णांच्या तालमीतल्या शहादेव पैलवानाला धनुष्यासकट परड्यात बोलावून तिनं एक अख्खी जुडी वाया घालवली, तेव्हा तिला पिसांची खोड कळली. डाव्या पंखाचं पीस एका अंगाला कलतं, उजव्याचं दुसऱ्या. दोन्ही एकाच बाणाला लावली की आघाडी सरकार: एक म्हणतं इकडं फीर, दुसरं म्हणतं तिकडं. मग ती चटईवर दोन वाटे करत बसली.

"अब्बा, बघा हिला!" जाकीर ओरडला. "तुमी म्हणले डावं-उजवं करायचं न्हाई, आन् ही सकाळधरनं तेच करायलीय!"

"ते माणसांत करू न्हाई रे," आरजू म्हणाली. "पिसांत करावंच लागतं. तूबी निवडून घे, सांगून ठेवते."

"आपा, तू पलंगाचे पाय बघ. मला शिकवू नको."

दस्तगीरनं मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. कुणाच्या बाजूनं, ते कळू दिलं नाही.

दसऱ्याला माळावर कडब्याच्या पेंढ्यांचं निशाण रचलं होतं. त्याच्या ऐन मागं आण्णांचा भलामोठा फ्लेक्स. फोटो कुठूनही काढा, त्यात आण्णा आलेच पाहिजेत. बाण दोघांचे, सोडणारा एकच: शहादेव.

पहिला मान जाकीरला. त्याचा बाण सुटला तो वरातीतल्या घोडीसारखा नाचतच निघाला. कंबर हलवत हलवत गेला आणि निशाणाच्या अलीकडं आडवा पडला. दुसरा थेट जिलेबीच्या कढईकडं वळला. आचारी झारा टाकून पळाला.

"ह्ये बाण हायती का वरातीतले नाचे?" शहादेव म्हणाला. माळ हसला.

मग आरजूचा. दोरीचा टणत्कार झाला आणि बाण मधे कुठं दिसलाच नाही. पेंढीत पिसांपर्यंत रुतलेलाच दिसला. दुसरा त्याला खेटून. तिसऱ्याला शहादेवनं कानापर्यंत ओढ दिली. तो पेंढी फोडून पार गेला आणि फ्लेक्सवरच्या आण्णांच्या नाकात जाऊन उभा राहिला.

दस्तगीरनं डोळे मिटले. आरजूनं मिटले नाहीत. आता होईल ते डोळ्यांनी बघायचं, म्हणून ती आण्णांकडंच बघत राहिली.

आण्णांनी आधी फ्लेक्सवरचं नाक पाहिलं, मग स्वतःचं चाचपलं. "नाक गेलं तर जाऊ द्या," ते गरजले, "पण तालमीला ह्येच बाण पायजेत! कुणी केले?"

"मी केले," आरजू म्हणाली. जिलेबीवाल्यासकट सगळ्या माळानं शिट्ट्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर दुकानात आला, गादी झटकली आणि स्वतः स्टुलावर बसला. "ये मालकीणबाई. पन थापा मीच मारणार. ते खातं माझं."

कुणी काय किंमत मोजली, ते असं: जाकीरनं काउंटर मोजलं. म्हाताऱ्यानं गादी मोजली, आणि मोजताना त्याची छाती फुगली होती. आणि सगळं गाव ज्यांना उधारी थकवणारे म्हणून ओळखतं त्या आण्णांनी मात्र पहिल्यांदाच रोख मोजले, नाकासकट.