बारा गळ्यांतला एक

मी डावा बोलतोय. उजवा माझा जोडीदार. आम्ही दोघे मिळून स्पीकरची एक जोडी. एकटा कुणीच फारसा कामाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आम्हाला घडवणारा कारागीर भारी चिवट. पेटीवर बोटाने टकटक करायचा, कान लावायचा आणि ती जराशी घुमली तरी खोलून आत आडवी पट्टी बसवायचा. असं सात वेळा झालं. तो म्हणायचा, "महाग स्पीकर कुणीही बनवेल. चांगल्या स्पीकरला स्वतःचा आवाज नसतो. तो गाणाऱ्याला वाट करून देतो." त्याचा तो धीर आठवला की आजही मी थक्क होतो.

आम्हाला घरी नेलं नकाशे काढणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांची बायको तरुणपणी बारा जणींच्या गायनवृंदात गायची. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा बसला. मागे उरली एकच रेकॉर्ड, तीत बाराही गळे एकत्र. त्यातला आपल्या बायकोचा गळा ओळखायचा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

कारागीर जोडणीला यायला तयार होता. पण केसाएवढ्या रेघा मारण्यात हयात गेलेला माणूस चार वायरींसाठी दुसऱ्याला कशाला बोलावेल? त्यांनी स्वतःच जोडल्या, आणि माझ्या दोन नेमक्या उलट्या. उजवा हवा पुढे ढकलायचा तेव्हा मी मागे ओढायचो. बारा जणींचं गाणं खोलीभर धुक्यासारखं पसरायचं. मला लाज वाटायची, पण सांगणार कसं? आम्ही दुसऱ्याचं बोलायला जन्मलेले.

पाहुण्यांपुढे गृहस्थ डोळे मिटून "वा" म्हणायचे. दोन वर्षं म्हणाले. बाईंनी माझ्यावर विणलेला रुमाल घातला, वर फुलदाणी ठेवली. एका सकाळी त्यांनी बसक्या आवाजात विचारलं, "अहो, खरं सांगा. मी सापडले का त्यात?"

"नाही," ते म्हणाले. "माझेच कान कच्चे. देऊन टाकू परत."

कारागीर न्यायला आला. फुलदाणी बघून त्याने कपाळावर हात मारला. मला फिरवून पाठ पाहिली आणि लाल-काळ्या वायरींची अदलाबदल केली. मग आम्हाला भिंतीपासून हातभर पुढे ओढलं आणि नवरा-बायकोला समोर बसवलं.

सुई टेकली आणि मी नाहीसा झालो. उजवाही. आमच्यामधल्या रिकाम्या जागेत बारा जणी उभ्या राहिल्या, प्रत्येकीचा श्वास वेगळा. असं काही आपल्याच पोटातून निघतंय, यावर माझा विश्वास बसेना. गृहस्थांनी हळूच बोट उचललं. डावीकडून चौथी.

"ही तू."

बाई म्हणाल्या, "तिथं मी श्वास आधीच घेतला होता. कुणालाच कळलं नव्हतं."

"मला कळलं," ते म्हणाले.

आता माझ्या कडा विरल्यात, फुलदाणी खिडकीत गेलीय. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी मुका पडला असेल, तर नावं ठेवण्याआधी त्याची पाठ एकदा तपासा. आमच्याकडे ती रेकॉर्ड अजून लागते. बाई गात नाहीत. पण ती जागा आली की दोघेही एकदम श्वास घेतात, किंचित आधी.